ओरिजिनल आहे का?

जुन्या वाद्यांच्या व्यवहारात पहिला प्रश्न हमखास हाच येतो. वाजतं का, सूर धरतं का, किती जणांनी त्यावर पोट भरलं, हे सगळं नंतर. आधी, "ओरिजिनल आहे का?"

माझ्याकडे एक इलेक्ट्रिक बास गिटार, एक बेंजो आणि एक वॉल्व्हचा अँप्लिफायर आहे. तिन्ही वस्तू मामूंकडून आल्या. मध्यंतरी जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने फोटो मागवले. गिटारचे पाठवले, बेंजोचे पाठवले, अँप्लिफायरचं मागचं झाकण काढून आतलेही पाठवले. उत्तर आलं, "मास्टरजी, इसमें तो सब छेड़ा हुआ है." म्हणजे किंमत नाही. मला विकायचं नव्हतंच, पण तो 'छेड़ा हुआ' शब्द डोक्यात राहिला.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून असेल, हा प्रश्न मला वाद्यांपुरता ऐकू येत नाही. लखनौकडचा एखादा पाहुणा आमच्याकडची उर्दू ऐकून गालात हसतो. त्याच्या मते ती 'असली' नाही. प्रशिक्षणाला गेलो की नाव ऐकून कोणीतरी म्हणतंच, "अरे वा, तुमची मराठी किती छान आहे!" ही दाद नसते हो, तपासणी असते. आणि आपल्याच मोहल्ल्यातले काही तरुण मला सांगतात की घरात गिटार ठेवणारा माणूस 'असली' मुसलमान कसा. तिन्हीकडून एकच प्रश्न. म्हणून आज जरा वाद्यांबद्दल लिहितो.

आधी बास गिटार. वऱ्हाडात एक काळ असा होता की लग्न, गणपती, उर्स, कशालाही ऑर्केस्ट्रा लागायचा. मुंबईत फिल्मी गाण्यांना बास वाजवणारे टोनी वाझ किंवा चरणजित सिंग यांची नावं आमच्या तालुक्यात कोणाला ठाऊक नव्हती, पण आर. डी. बर्मनच्या गाण्यातला तो खालचा दणदणता सूर प्रत्येकाला हवा असायचा. तो काढायला चार तारांची बास गिटार लागते. मामू एका ऑर्केस्ट्रात बेंजो वाजवायचे. ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा थकलेल्या पैशांच्या बदल्यात ही गिटार त्यांच्या वाट्याला आली. कडेला काळपट, मधे पिवळी, फेंडरच्या 'प्रिसिजन बास'ची नक्कल. वर कंपनीचं नाव नाही.

फेंडर म्हणजे लिओ फेंडर, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. पण गिऱ्हाइकांच्या तक्रारी कळत होत्या. तोवर बास वाजवणारे माणसापेक्षा उंच, उभं लाकडी वाद्य खांद्यावर घेऊन फिरायचे आणि बँडच्या आवाजात ते ऐकूही यायचं नाही. फेंडरने १९५१ साली गळ्यात अडकवता येईल अशी, पडदे असलेली इलेक्ट्रिक बास बाजारात आणली. पडद्यांमुळे बोट बरोबर सुरावर पडतं, म्हणून 'प्रिसिजन'. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट सांगतो. त्याने गिटारची मान डिंकाने कायमची चिकटवली नाही, चार स्क्रूंनी बसवली. खराब झाली तर काढा, दुसरी लावा. ज्या वस्तूला आज लोक 'हात लावू नका' म्हणतात, ती मुळात स्क्रू-ड्रायव्हर लावण्यासाठीच बनवलेली होती.

अँप्लिफायरची कथा तर आणखी मजेची आहे. फेंडरने बाससाठी 'बासमन' नावाचा अँप्लिफायर काढला. १९६० नंतरच्या काळात लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमवाल्याचं वाद्यांचं दुकान होतं. अमेरिकेहून येणारा माल महाग पडायचा. त्याच्या माणसांनी बासमन उघडला, बघितला, आणि तसाच घरच्या घरी बनवला. ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर मात्र इंग्लंडात मिळणारे घातले. सुटे भाग बदलल्यावर आवाज बदलला, जरा खरखरीत झाला, आणि पुढे तोच आवाज रॉक संगीताचा 'ओरिजिनल' आवाज म्हणून जगाने डोक्यावर घेतला. म्हणजे ज्याची आज पूजा होते ती छेडलेली नक्कलच होती. आणि आता उलट गंमत बघा: परदेशात नव्या कोऱ्या गिटारचा रंग मुद्दाम खरवडून, पत्र्याला गंज आणून, ती जुनी दिसेल अशी करून जास्त पैशाला विकतात. आमच्याकडे जुन्या बेंजोला नवं सनमायका लावतात, ते त्यापेक्षा प्रामाणिक वाटतं मला.

बेंजोविषयी तर 'ओरिजिनल' हा शब्दच वापरता येत नाही. ज्याला आपण बेंजो म्हणतो, बुलबुल तरंग म्हणतो, त्याचा अमेरिकेतल्या त्या गोल चामड्याच्या बँजोशी नावापुरता संबंध. आपला बेंजो आला जपानमधून. नागोया शहरात १९१२ साली मोरिता गोरो या माणसाने 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य केलं. टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. बटण दाबलं की तार पडद्यावर दाबली जाते. ते हिंदुस्थानात पोचलं आणि इथल्या लोकांनी त्याला मोकळं सोडलं नाही. बाजूला सतत वाजणाऱ्या सुराच्या तारा लावल्या, कोणी स्वरमंडळासारख्या तारांची रांग जोडली, मग खाली लोहचुंबकाचं पिकअप बसवून वायर अँप्लिफायरला जोडली. कव्वालीत हार्मोनियमच्या शेजारी बसला तोही हाच बेंजो, आणि मुंबईत गणपतीपुढे 'बँजो पार्टी' म्हणून नाचवला तोही हाच. २०१६ साली रवी जाधवांनी त्यावर रितेश देशमुखला घेऊन हिंदी सिनेमाही केला. जपानी पोटातून आलेलं, टाइपरायटरची बटणं असलेलं, अमेरिकी पद्धतीचं पिकअप लावलेलं वाद्य ताजबागच्या उर्सात ताजुद्दीन बाबांच्या नावाने वाजतं, आणि ऐकणाऱ्या कोणालाही ते परकं वाटत नाही. त्याला आता कोणी विचारावं की बाबा, तू मूळचा कुठला?

आता देखभालीचं बोलतो, कारण 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांपैकी अर्ध्यांना हे ठाऊक नसतं की जुन्या वस्तूला जसंच्या तसं ठेवणं कधीकधी धोक्याचं असतं.

मामूंचा अँप्लिफायर आला तेव्हा त्याला दोनच पिनांची वायर होती. अर्थिंग नाही. पूर्वी असंच चालायचं. गावात मंडपाची लाईट, आकडा टाकून घेतलेली वीज, ओली जमीन, आणि गाणाऱ्याच्या ओठाला माईक लागला की झटका. मामू सांगायचे, कव्वाल लोक माईकच्या जाळीवर रुमाल गुंडाळायचे, आणि लोकांना वाटायचं ही स्टाईल आहे. मी पहिलं काम केलं ते तीन पिनांची वायर आणि नीट अर्थिंग. व्यापाऱ्याच्या हिशेबात तिथेच निम्मी किंमत गेली असणार. जाऊ द्या. दुसरं काम कंडेन्सर. वॉल्व्हच्या अँप्लिफायरमधले मोठे कंडेन्सर वर्षानुवर्षांनी आतून सुकतात, मग स्पीकरमधून कायम घरघर येते. ते बदलावेच लागतात. इथे एक सूचना मनापासून करतो: बटण बंद केलं, वायर काढली, तरी या कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्टच्या आसपास वीज साठून राहू शकते. ती रेझिस्टर लावून उतरवल्याशिवाय आत हात घालू नका. हौस म्हणून झाकण उघडणाऱ्यांनी आधी एखाद्या जाणत्या मिस्त्रीजवळ बसून हे बघावं. यूट्यूब पुरत नाही.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गावोगावी कार्यक्रमांना भोंगे लावायचे. भोंग्यातून शब्द दूरवर जातात, पण बासचा खालचा सूर, सर्वांत जाड तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो, तो भोंग्यातून निघतच नाही. म्हणजे ऑर्केस्ट्रात कित्येक वर्षं बासवाला मन लावून वाजवत असणार आणि समोरच्या पब्लिकला काहीच ऐकू येत नसणार. मामूंनी एका पेटीत मोठा कागदी कोनाचा स्पीकर बसवून वेगळी सोय केली, तेव्हा कुठे तो सूर स्टेजखाली पोचला. हीदेखील 'छेडछाड'च.

आणि आपलं हवामान. एप्रिल-मेमध्ये अकोला-अमरावतीत पारा ४५ वर जातो, लाकूड कोरडं पडून आक्रसतं. मग जुलैत तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं. गिटारची मान वाकते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात, वाजवताना बोटं सोलतात. मानेच्या आत लोखंडी सळई असते, तिचा नट फिरवून बाक काढता येतो. पाव फेरी फिरवायची आणि एक दिवस थांबायचं. एकदम फिरवली तर मान गेली. आणि वऱ्हाडातल्या माणसाला खास सांगणं, कूलरसमोर वाद्य ठेवू नका. माणसाला गारवा हवा म्हणून आपण त्याच्यापुढे बसतो, पण खसच्या ओल्या वाऱ्याने तारा चार दिवसांत गंजतात. बासच्या तारा महाग असतात. मरगळल्या की काढून दहा मिनिटं उकळत्या पाण्यात घालायच्या, लगेच कोरड्या पुसायच्या, मळ निघतो आणि आवाज पुन्हा उघडतो. भांडं वेगळं ठेवायचं, एवढं पथ्य आमच्या घरी आहे.

मग छेडायचं किती? माझा हिशोब साधा आहे. परत फिरवता येईल असा बदल आनंदाने करावा. लाकूड कापणं, नवीन भोकं पाडणं, जुना रंग घासून काढणं शक्यतो टाळावं. जे काढलं ते फेकू नये. मामूंचे जुने कंडेन्सर, दोन पिनांची वायर, तुटलेली बटणं, सगळं एका बिस्किटाच्या डब्यात आहे, कशाच्या जागी काय लावलं हे चिठ्ठीवर लिहून. उद्या कोणाला १९८० सालचाच आवाज हवा असेल तर त्याने डबा उघडावा. पण वाजवणाऱ्याला झटका बसू नये, सूर खोटा पडू नये आणि वाद्य पलंगाखाली मरू नये, या तीन गोष्टींपुढे 'ओरिजिनल'ची मला काही मातब्बरी वाटत नाही.

वाद्यांची कारागिरी म्हटलं की आपल्या समाजात मिरजेचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. तिथले शिकलगार मुळात हत्यारं बनवणारे, धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचं काम उतरणीला लागलं आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर तंबोरे, सतारी बनवू लागले. त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर झालं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले. तंबोऱ्याची जवारी ते स्वतः लावायचे असं सांगतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचे किती मेसेज आले! मलाही आनंद झाला. पण मेसेज टाकणाऱ्यांपैकी एकजण मामूंना आयुष्यभर 'बाजेवाला' म्हणत आला, आणि ते कौतुकाने नव्हे. तलवारीवरून तंबोऱ्याकडे वळणं हीसुद्धा छेडछाडच होती की. दीडशे वर्षं झाली, प्रमाणपत्र आलं, म्हणून ती आता परंपरा. मामूंनी केलं ते अजून जुनं झालेलं नाही, इतकाच फरक.

आता मोहल्ल्यातल्या तरुणांबद्दल. संगीत जायज की नाजायज हा वाद आपल्याकडे नवा नाही. उलेमांमध्ये मतभेद आहेत, कडक विरोध करणारे मोठे लोक आहेत, त्यांचा मी आदर करतो. पण याच परंपरेत चिश्ती बुजुर्गांची समाची मैफल आहे. इमाम गझालींनी आपल्या 'इह्या'त समावर एक स्वतंत्र भाग लिहिला. केव्हा, कोणी, काय ऐकावं याच्या अटींची चर्चा केली. एका ओळीत निकाल लावून मोकळे झाले नाहीत. ज्याला ऐकायचं नाही त्याने खुशाल ऐकू नये. अजानच्या वेळी आमचा अँप्लिफायर बंदच असतो, आणि रात्री दहानंतर तर कायद्यानेच बंद ठेवावा लागतो. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या माणसाने कव्वालीच्या कमाईतून तीन बहिणींची लग्नं लावली, त्याला म्हातारपणी घरी येऊन विशीतल्या मुलाने 'तौबा करा' म्हणावं, आणि त्याच मुलाच्या भावाच्या वरातीत डीजेच्या भिंती लागाव्यात, हा कुठला असलीपणा? मामू काही बोलले नाहीत. त्यांनी त्याला चहा दिला.

दुसऱ्या बाजूचं पण सांगायला हवं. तिवसा तालुक्यातच गुरुकुंज मोझरी आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. खंजिरीवरचं भजन आमच्या कानांवर लहानपणापासून आहे. कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला निघते ती याच तालुक्यातून. इथल्या भजनी मंडळांच्या पेट्या आणि अँप्लिफायर मामूंकडे दुरुस्तीला यायचे. "बुवा, पेटीतून खरखर येऊन रायली, आज रातच्याले पाह्यजे," एवढंच बोलणं. रात्री पेटी तयार. यात कोणालाच काही विशेष वाटत नव्हतं. हल्ली एखादा बाहेरचा पाहुणा हे ऐकून भारावतो, "मुसलमान असून भजनाची पेटी दुरुस्त करता? केवढी एकात्मता!" म्हणतो. मला ते ऐकताना अवघडल्यासारखं होतं. जे रोजचं काम होतं त्याचा फोटो काढायची वेळ आली, म्हणजे मधे काहीतरी बिघडलंय. पेटी बिघडली होती, मिस्त्रीकडे आली. बस.

मागच्या वर्षी बेंजोचं पिकअप गेलं. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार वर थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत बारीकशी वीज तयार होते. हे फॅरेडेने १८३१ साली सांगितलं आणि आमच्या दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्यात आहे. मराठीत विद्युत चुंबकीय प्रवर्तन, उर्दूत बर्की मक़नातीसी इमाला. पोरं दोन्ही भाषांत पाठ करतात आणि दोन्ही भाषांत विसरतात. मी भाषेचा मास्तर, पण विज्ञानाच्या सरांकडून एक तास मागून घेतला आणि बेंजो वर्गात नेला. उघडून दाखवला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला मी गैरहजेरीबद्दल नेहमी बोलतो, तास संपल्यावर आला. "सर, ये तो मोटर का वाइंडिंग हो गया." त्याचे वडील शेतातल्या पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग करतात. गैरहजर असायचा तो तिथे बसलेला असायचा.

वडिलांनी तार बघून हात जोडले. मोटारीची तार जाड, ही तर हातात धरली की तुटते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बारीक तार मागवली. मुलाने अम्मीच्या शिलाई मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकावर युक्ती बसवली. पहिल्यांदा तार मधेच तुटली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा आठ हजारांच्या आसपास वेढे झाले. मोजायला त्याने धाकट्या बहिणीला वहीत रेघा मारत बसवलं होतं. लावलं, वाजलं, पण पंख्याच्या रेग्युलेटरची गुणगुण सोबत यायला लागली. एकाच कॉइलच्या पिकअपची ही जुनी खोड आहे. मी त्याला मामूंच्या बासचं पिकअप दाखवलं. फेंडरने १९५७ साली त्याचे दोन तुकडे केले, दोन्हींचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट, म्हणजे बाहेरची गुणगुण आपसांत कटते आणि तारेचा आवाज राहतो. मुलगा बराच वेळ त्याकडे बघत बसला. मग म्हणाला, बेंजोलाही असंच करू. म्हणजे पुन्हा छेडायचं.

या मुलाला घटक चाचणीत विज्ञानात वीसपैकी सहा मिळाले होते. 'प्रवर्तन म्हणजे काय, व्याख्या लिहा' या प्रश्नापुढे त्याने कोरी जागा सोडली होती. वडिलांना वाटतं त्याने शिकून साहेब व्हावं, हे वाइंडिंगचं काम आपल्यापाशीच संपावं. त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. दिवसभर वॉर्निशचा वास आणि महिन्याअखेरीस उधारी, हे त्यांनी भोगलंय. पण मी त्यांना एवढं म्हटलं की त्याला साहेब करा, नाहीतर इंजिनिअर करा, हात मात्र बांधू नका. हल्ली ते त्याला रविवारी माझ्याकडे येऊ देतात, शाळेत हजेरी भरण्याच्या अटीवर. अट मला मान्य आहे.

दोन कॉइलचं पिकअप अजून अर्धं झालंय. मामूंना आता कमी ऐकू येतं. त्यांनी बेंजोच्या लाकडावर हनुवटी टेकवून आवाज तपासला आणि दुसऱ्या कॉइलचे वेढे थोडे कमी कर म्हणाले. व्यापाऱ्याचा परवा पुन्हा मेसेज आला, अँप्लिफायरमधले जुने वॉल्व्ह तेवढे सुटे देता का म्हणून. मी अजून कळवलं नाही. आमच्याजवळ जादा वॉल्व्ह दोनच आहेत, आणि उर्स जवळ आलाय.